कुणाशीच जुळत नाही

“कुणाशीच जुळत नाही,” रक्तपेढीच्या खिडकीतला तंत्रज्ञ म्हणाला. “सहा पिशव्या लावून बघितल्या. तुमच्या वडिलांचं रक्त एकीशीही जुळत नाही.”

“त्यांचं कधी कुणाशी जुळलंय?” मुलगी म्हणाली.

तो हसला नाही. वरच्या मजल्यावर तिचा बाप मांडीचं हाड मोडून पडला होता, हिमोग्लोबिन सहावर आलं होतं, आणि भूलतज्ज्ञाने बजावलं होतं की दोन पिशव्या रक्त आल्याशिवाय ऑपरेशन नाही.

“त्यांना पोटात घ्यायचं इंजेक्शन चालू आहे का? कातडीखाली, पाच मिनिटं हळूहळू देतात ते. मायलोमावर असतं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर. अँटिबॉडीचं औषध. ते अंगात असलं की आमच्या तपासणीत प्रत्येक पिशवीतल्या रक्ताला चिकटतं, आणि सगळ्यांशीच वाकडं दिसतं. खरं वाकडं नसतं.”

“कॅन्सर?” तिने खिडकीची कड धरली. “मला कोण सांगणार? अकरा वर्षं बोलत नाहीत ते माझ्याशी. त्यांच्या बिल्डिंगच्या वॉचमनचा फोन आला म्हणून आले.”

“मग जाऊन विचारा. असे पेशंट जवळ कार्ड बाळगतात. ते मिळालं तर दोन-तीन तासांत रक्त देतो. नाहीतर कुठे अडतंय ते शोधण्यात दिवस जाईल, आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे नाही.”

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. बापाच्या पायाला वजन लटकवलं होतं. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

“परत आलीस? कुणी बोलावलं?”

“पोटात इंजेक्शन घेता?”

“घेतो. त्याचं काय?” तो छताकडे बघत म्हणाला.

“भरती होताना सांगितलं का नाहीत?”

“फॉर्मवर विचारलं होतं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळ्या चालू नाहीत. विचारलं तेवढंच लिहायचं.”

छत्तीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात; इथे हाड मोडलं होतं, पीळ शाबूत होता.

“कधीपासून घेताय?”

“तीन महिने झाले. आधी दर मंगळवारी, आता एक आठवडा सोडून. एकटा जातो, एकटा येतो. कुणाच्या दारात गेलो नाही.”

“मला नुसतं कळवायचं तरी.”

“तुला आनंद झाला असता.”

“झाला असता,” ती म्हणाली. हे खोटं होतं, आणि खोटं आहे हे त्याला कळू नये म्हणून ती त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलली. “कार्ड कुठे आहे?”

“सिस्टरला पाठव. तिच्याकडे देईन.”

सिस्टर पलीकडच्या खाटेवर ड्रेसिंग करत होती. मुलीने सरळ त्याच्या उशीखाली हात घातला. त्याने तिचं मनगट पकडलं.

“हात काढ.”

“रक्त नको असेल तर तसं लेखी द्या.”

 मग त्याची बोटं सुटली. त्याचं मन वळलं नव्हतं, हातात जोर उरला नव्हता. तिने पाकीट ओढून कार्ड काढलं.

औषधाचं नाव. शेवटच्या डोसची तारीख. औषध सुरू करण्याआधी तपासलेला रक्तगट. सगळं रेखीव अक्षरात, एकही रकाना रिकामा नाही. ‘जवळचे नातेवाईक’ या शब्दांपुढे लिहिलं होतं : लागू नाही.

तिने ते दोनदा वाचलं. तो तिला वाचताना बघत होता.

“तुला वाचायला दिलेलं नाही ते.”

“मग जी लागू नाही तिने खाली जायचं की नाही, तेवढं सांगा.”

“तुझं तू बघ,” म्हणून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

जिन्याच्या पहिल्याच पायरीवर ती थांबली. कार्ड तिथल्या कठड्यावर ठेवावं आणि घर गाठावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. जाऊ दे, मरू दे. तो विचार घटकाभर गोड लागला, आणि गोड लागला म्हणूनच तिला स्वतःची शिसारी आली. ती खाली उतरली.

तंत्रज्ञाने कार्ड वाचलं आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला.

“हेच ते. आता पिशवीतून तपासणीपुरत्या काढलेल्या पेशींना आधी एक रसायन लावतो, म्हणजे औषध त्यांना चिकटत नाही. देतो रक्त.” मग त्याने एक कागद पुढे सरकवला. “इथे सही करा, आणि पेशंटशी नातं लिहा. ते लिहिल्याशिवाय पिशवी सोडता येत नाही.”

तिने पेन घेतलं. बराच वेळ ते कागदावर टेकलेलंच राहिलं. मग तिने ‘मुलगी’ असं लिहिलं, आणि इतकं दाबून लिहिलं की वेलांटीपाशी कागद टरकन फाटला.

तंत्रज्ञाने तो उजेडाकडे धरून पाहिला.

“राहू द्या,” तो म्हणाला. “फाटलंय, पण वाचता येतंय.”