पाठमोरा

घड्या घातलेले कपडे हातावर घेऊन आई धाकट्याच्या खोलीत आली आणि उंबऱ्यावरच थबकली. पडद्यावर एक शिपाई बंदूक घेऊन पडक्या गल्लीतून चालला होता. पाठमोरा.

"हा आपला थोरला," आई म्हणाली.

धाकट्याने बटणांवरचे अंगठे उचलले. "आई, गेम आहे तो. परवापासून खेळतोय मी. संध्याकाळपर्यंत परीक्षण लिहून द्यायचंय."

"असेल गेम. चालतोय तो थोरला. डावा खांदा बघ."

धाकट्याने बघितलं. डावा खांदा किंचित उतरलेला, उजवं पाऊल बाहेर फेकलेलं. परवापासून ती पाठ त्याच्या नाकासमोर होती आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. उलट परीक्षण जवळजवळ लिहून झालं होतं. जमेच्या बाजू: गल्ल्या खऱ्या वाटतात, भिंतीचा आडोसा चटकन घेता येतो, गोळीचा आवाज छातीत घुमतो. लंगड्या बाजू: नायक लढाईला नव्हे, भाजी आणायला निघाल्यासारखा चालतो, आणि गोळी कुठेही लागो, मरणारा आधी डोकंच झाकतो, त्यामुळे हसू येतं. या दोन उणिवा त्याने कालच संपादकांना फोन करून मोठ्या ऐटीत सांगितल्या होत्या.

थोरला जाऊन वर्ष होत आलं होतं. कामावरून येताना ट्रकने उडवलं. काम तरी काय, अंगाला घट्ट काळा पोशाख, त्यावर चिकटवलेले पांढरे मणी, आणि रिकाम्या हॉलमध्ये दिवसभर चालायचं, पळायचं, पडायचं. कॅमेरे त्या हालचाली टिपायचे आणि त्या कुठल्यातरी गेममधल्या माणसांना चढवल्या जायच्या. कुठल्या, ते घरीही सांगायची सोय नव्हती. "लोक पडू नये म्हणून जपतात, आमच्या चिरंजिवांना पडायचा पगार मिळतो," असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. आता ते त्याचं नावही काढत नाहीत.

आई कपड्यांसकट पलंगावर टेकली. "पळवू नकोस त्याला. नुसता चालव."

धाकट्याने चालवला.

"हा तोंड नाही का दाखवत?"

"नाही गं. यात आपण कायम त्याच्या मागेच असतो."

"मग बरोबर आहे. मीपण मागूनच बघायचे. गॅलरीतून, पार कोपऱ्यापर्यंत. एकदा वळून बघेल तर शपथ!"

आई हसली. किती महिन्यांनी हसली. धाकट्याला बरं वाटलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरून तोंड बांधलेला एक शत्रू निघाला आणि गोळ्या झाडू लागला. पडद्याच्या कडा लाल झाल्या.

"अरे मार की त्याला! बघतोस काय!" आई ओरडली. आयुष्यात तिने झुरळसुद्धा मारलं नव्हतं, कागदावर घेऊन बाहेर सोडायची.

धाकट्याने गोळी झाडली. शत्रूच्या छातीत लागली. खाली जाता जाता त्याने उजवा हात वर नेला, डोकं झाकलं आणि मग तो पडला. मागून दुसरा आला. त्याला पोटात लागली. त्यानेही आधी डोकंच झाकलं.

आईने धाकट्याचं मनगट धरलं. "थांब. हेपण दोघं तोच आहेत."

एकाच माणसाकडून सगळ्यांच्या हालचाली करून घेतात, हे धाकट्याला चांगलं माहीत होतं. त्याने गेम थांबवला.

"लहानपणी जिन्यावरून गडगडला होता. कपाळाला टाके पडले," आई म्हणाली. "तेव्हा मीच शिकवलं त्याला. पडलास तर आधी डोकं सांभाळायचं. गादीवर पाडून पाडून शिकवलं." ती पडलेल्या दोघांकडे बघत राहिली. "त्या दिवशी झाकलं असेल का रे?"

ओळख पटवायला धाकटाच गेला होता. आईला कुणी बघू दिलं नव्हतं.

"झाकलं होतं," तो म्हणाला. "चेहऱ्यावर साधा ओरखडाही नव्हता." हाताचं त्याने सांगितलं नाही.

"लक्षात ठेवलं म्हणजे पोराने," आई म्हणाली आणि मांडीवरच्या कपड्यांच्या घड्या उगाच पुन्हा सारख्या करत बसली.

फोन वाजला. संपादकांचा मेसेज होता. 'तुझ्या दोन्ही उणिवा कंपनीला कळवल्या. त्यांना पटल्या. चाल आणि पडणं, दोन्ही दुसऱ्या माणसाचं त्यांच्याकडे तयार होतं, तेच चढवलंय, आज रात्रीच्या अपडेटमध्ये जुनं सगळं काढून टाकतायत. शाब्बास! परीक्षण पाठव लवकर.'

"कुणाचा रे?"

"ऑफिसचा."

आईने उठून कपडे कपाटात ठेवले. "उद्या बाबांना घेऊन येते. बोलणार नाहीत काही, पण बघतील. तू मात्र याला कुणाला मारायला लावू नकोस. मरूही देऊ नकोस. सरळ रस्त्याने चालव."

दारातून तिने एकदा वळून पडद्याकडे बघितलं आणि गेली.

धाकटा टेबलाखाली वाकला आणि त्याने इंटरनेटची वायर उपसून काढली. आता अपडेट येणार नव्हतं आणि परीक्षणही जाणार नव्हतं. मग खुर्चीत बसून त्याने गेम सुरू केला आणि चालायचं बटण दाबून धरलं. डावा खांदा उतरवून थोरला गल्लीतून चालत निघाला. गल्लीच्या टोकाला भिंत होती. भिंतीला छाती टेकली, तरी त्याचे पाय जागच्या जागी चालतच राहिले.