तिसरा टाका

जेवणाची घंटा झाली, शेड रिकामी झाली आणि नवी सुपरवायझर मावशींच्या मशीनवर जाऊन बसली. सकाळपासून शिवलेल्या कॉलरचा गठ्ठा तिथेच होता. तपासणीच्या टेबलावर तो दोन वाजता जायचा. तिने वरची कॉलर उचलली, ब्लेडच्या टोकाने डावा कोपरा उसवला, पुन्हा शिवला. मग दुसरी घेतली. मशीनच्या डोक्यावर नवा स्क्रीन लटकत होता. तपासणीतून परत आलेल्या कॉलर तो लाल आकड्यात दाखवायचा. मावशींचा लाल आकडा आठ दिवस शून्यावर होता.

"जेवायचं नाही का गं?"

मावशी मागेच उभ्या होत्या. चष्म्याची डबी राहिली म्हणून परत आलेल्या.

"झालंच, मावशी. एक धागा सुटला होता, म्हटलं..."

मावशींनी तिच्या हातातून कॉलर काढून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"ही शिवण माझी नाही. शिवण पक्की करायला शेवटी तीन टाके मागे घेणारी या शेडमध्ये एकच आहे. मी तुला दोन शिकवले होते. तिसरा तुझ्या पदरचा."

एरवी यावर दोघी हसल्या असत्या. मावशी गठ्ठा चाळत राहिल्या. तीन टाके. तीन टाके. पुन्हा तीन.

"कधीपासून?"

"आठ दिवस." ती भराभर बोलू लागली. "मावशी, साहेब आज तीन वाजता आकडे बघून सगळ्यांच्या जागा कायमच्या ठरवणार आहेत. लाल दिसलं असतं तर तुम्हाला मशीनवरून उठवून धागे कापायला बसवलं असतं. तीस वर्षं कॉलर शिवलेल्या बाईला!"

"आणि हे मला सांगायचं नाही?"

"तुमच्या जिवाला घोर लागला असता."

"अहो सुपरवायझरबाई," मावशी म्हणाल्या, "मी घरी सुनेला सांगून बसले. म्हटलं, माझा हात परत आला."

अकरा वर्षं दोघी शेजारच्या मशीनवर बसल्या होत्या. चार महिन्यांपूर्वी तिला सुपरवायझर केलं, तेव्हापासून शेडमध्ये सगळ्यांनी 'अहो' सुरू केलं होतं. मावशींनी मात्र ते कधी तोंडातून काढलं नव्हतं.

मावशींनी गठ्ठ्यातून एक कॉलर वेगळी केली. तिच्यावर खडूची बारीक खूण होती.

"बाकीच्या वाकड्या होत्या, कबूल. पण ही? ही मनासारखी जमली होती. जेवून आल्यावर पुन्हा बघावी म्हणून खूण केली होती मी. हिला काय झालं होतं?"

ती कॉलर तिला आठवत होती. कोपरे सुरेख निघाले होते. तरी तिने उसवली होती.

"हिला काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "मला शिवायचं होतं, मावशी. दिवसभर याद्या घेऊन फिरते, हिचं बघ, तिचं बघ. सकाळी आल्यापासून जेवणाच्या घंटेकडे कान लागलेले असतात. तुमची काळजी होती, खोटं नाही. पण ती अर्धीच गोष्ट होती. उरलेलं माझं मलाच कळलं नव्हतं."

मावशींनी खडूची खूण अंगठ्याने पुसली.

"तुझी लेक चप्पल घालताना काय म्हणते?"

"माझं मी."

"मग ऊठ."

मावशी बसल्या. सुईत दोरा ओवताना दोनदा चुकल्या. सुपरवायझरचा हात आपसूक पुढे गेला.

"हात मागे," मावशी वर न बघता म्हणाल्या. "नुसती बघ. आणि दिसेल ते तोंडाने सांग."

तिने हात पाठीमागे गुंफले. मावशींनी नवी कॉलर घेतली. उजवा कोपरा नीट आला, डाव्याशी सुई बाहेर गेली. दुसरी घेतली. पुन्हा उजवा नीट, पुन्हा डावा वाकडा. ती वाकून बघू लागली. सुईच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा काळोख पडला होता. स्क्रीनची सावली. आठ दिवस ती याच खुर्चीवर बसली होती आणि तिला ती दिसली नव्हती. तिचे हात डोळे मिटूनही शिवत होते.

"मावशी, तुमचा हात कुठे गेलेलाच नाही. हे वरचं डबडं उजेड खातंय."

तिने स्क्रीन एका बाजूला वळवला. पुढच्या कॉलरचा डावा कोपरा जवळजवळ सरळ आला.

"सूतभर अजून चुकतंय," मावशी म्हणाल्या. "हात थोडा गेलाय गं. उगाच गोड बोलू नकोस. तीन वाजता साहेबांना काय सांगशील?"

"शून्य खोटं आहे, मीच उसवत होते, हे सांगेन. सावलीचंही सांगेन. आणि म्हणेन, पुढचे आठ दिवस मावशींचं मावशींना शिवू द्या, मग मोजा."

"नाही ऐकलं तर?"

"तर आधी येऊन तुम्हाला सांगेन."

मावशींनी मान हलवली आणि पुढची कॉलर सुईखाली सरकवली.

घंटा होईपर्यंत त्या शिवत राहिल्या. ती मागे उभी होती, बोटं घट्ट गुंफून. मशीन वेग घ्यायचं, कोपऱ्याशी मंदावायचं. आणि तिचा उजवा पाय मोकळ्या फरशीवर त्याच लयीत दाबला जात होता, कोपरा आला की हलकेच सुटत होता.