पाठीचं माप

दिघोरीच्या लग्नात फोटो काढता काढता कॅमेऱ्याच्या जुन्या बॅगेचा पट्टा तुटला, तेव्हा कमलेश भर मांडवात बायकोवर खेकसला होता, "पट्टा पाहून नाही ठेवता येत काय तुले?" पाहुण्यांसमोर तिचा उतरलेला चेहरा काही केल्या त्याच्या डोळ्यांसमोरून जाईना. म्हणून आज भंडाऱ्याला नवी बॅग घ्यायला त्यानं रेणूलाही सोबत आणलं.

दुकानात त्यानं एकेक बॅग पाठीवर चढवून आरशात पाहिली. "गादी जाड पाहिजे भाऊ, कमरेचा पट्टाही पाहिजे. लग्नात दिवसभर वझं राहते, पाठ मोडून जाते," तो दुकानदाराला समजावून सांगत होता.

शेवटी एक पसंत पडली. "सामान भरूनच पाहा न," म्हणत दुकानदारानं जुन्या बॅगेतले दोन्ही कॅमेरे, लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या सगळं तिच्यात भरलं. कमलेशनं ती पाठीवर घेतली आणि तो जागच्या जागी वाकला.

"एवढं जड राहते हे?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

दुकानदार त्याच्याकडे पाहतच राहिला. "काहून, आतापर्यंत कोण उचलत होतं?"

 

आरशात त्याला मागे उभी असलेली रेणू दिसली, पदर ओढून खांद्यावरचा काळा पडलेला वळ झाकत ती दुकानदाराला हळूच विचारत होती, "याचे पट्टे अजून छोटे होतात का जी?"