गिळलेला ‘ट’

इस्पितळातल्या दुभाषी बाईंचा हा सकाळपासूनचा अकरावा पेशंट होता. कान थकले होते. सर्जन भरभर इंग्रजीत बोलला. ‘वी कॅन ऑपरेट’ असं ऐकून त्यांनी बाकावरच्या आजींना सांगितलं, “आजोबांचं ऑपरेशन करता येईल.” आजींनी पिशवीतून नवऱ्याचा स्वेटर काढला आणि मांडीवर घेऊन बाह्या सरळ करत म्हणाल्या, “घरी जाताना गार लागेल त्यांना.” सर्जन मात्र खाली बघत उभा होता. शंका येऊन बाईंनी पुन्हा विचारलं. “कॅनॉट,” तो सावकाश म्हणाला. मघाशी घाईत ‘कॅन्ट’मधला ‘ट’ त्याने गिळला होता. बाई आजींकडे वळल्या. “आजी, माझ्या ऐकण्यात चूक झाली. ऑपरेशन नाही करता येणार.” आजींचा हात स्वेटरवर थांबला. त्यांनी विचारलं, “दिवसभर अशाच बातम्या सांगता सगळ्यांना?” बाईंनी मान डोलावली. आजी बाजूला सरकल्या. “बसा जरा.”