लाल गाडीच्या बाजूने

हेरंबने मनगटावरचा, काळजाचे ठोके मोजणारा पट्टा घट्ट केला. ज्या गाडीकडे बघताना प्रेक्षकाचं काळीज जास्त धडधडेल, तिला जास्त वीज मिळायची. शर्यती बंद पडू नयेत म्हणून काढलेली ती शेवटची युक्ती. तरीही प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये तो आणि त्याची बायको वृंदा, दोघंच होते.

लाल गाडी पुढे होती. मागून निळी येताना दिसली तसा हेरंबला घाम फुटला, आणि निळी सुसाट पुढे निघून गेली.

"दर वेळी असंच का होतं? मी तर लालच्या बाजूने आहे."

"लाल पुढे असली की तू निवांत शेंगा खातोस," वृंदा म्हणाली. "धडधडतं ते निळीला बघून."

गोंधळून त्याने पट्टा काढायला हात घातला आणि तो तसाच थांबला. मग लालच्या बाजूने उरणार कोण?