नव्या रायफलची नळी

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, आमच्या शस्त्रांच्या दुकानात बंदूक हातात देण्याआधी ती रिकामी असल्याचं दाखवायची रीत आहे. मी नवीकोरी रायफल उघडून माझ्या मित्राला, ऑरिनला दाखवली, मगच दिली. त्यानंही तिचं तोंड जमिनीकडे धरलं, आणि तो दचकला.

"वेंडेल, लेका, हिची नळी गरम आहे की!"

"पुरे तुझी थट्टा," म्हणत मी ती परत घेतली. बोटांना चटका बसला. पुन्हा उघडून पाहिली. आत काहीच नव्हतं, पण जळलेल्या बारुदाचा वास येत होता.

तेवढ्यात मागच्या खोलीतून माझी बायको लोरेटा धावत आली.

"गोळी कुणी झाडली?"

आम्ही काहीच ऐकलं नव्हतं. "कुणी नाही गं," म्हणत मी ऑरिनकडे वळलो.

तो छातीवर हात दाबून, भिंतीला टेकून हळूहळू खाली बसत होता आणि त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं.