मिश्रीची डबी

वर्षाराणीनं कोल्हापूरच्या दातांच्या कॉलेजातून आणलेला, लोकांचे दात साफ करायला शिकवणाऱ्या डेंटल हायजिनिस्टच्या कोर्सचा फॉर्म पुढं ठेवताच आई भडकली. “बारावी काय लोकांच्या उष्ट्या तोंडात बोटं घालायला केलीस व्हय?” वर्षाराणीलाही त्या विचाराची किळस होतीच, तरी तिनं फॉर्म मागं घेतला नाही. आईनं रागानं डबी उघडली, भाजलेल्या तंबाखूची मिश्री हिरडीला लावली आणि कळवळली. “महिना झाला, आग होतीया.” “चूळ भरून आ कर,” म्हणत वर्षाराणीनं मोबाईलची बॅटरी लावली. रोज मिश्री लावायच्या जागीच पांढरा चट्टा होता. बोट फिरवलं तरी पुसला जाईना. तिचा चेहरा बघून आई म्हणाली, “आली न्हवं किळस? फाड तो कागद.” “न्हाय. उद्या तो द्यायला तू बी चल. तिथं डॉक्टर हायत, त्यास्नी हा चट्टा दाखवू.” “येते. आधी तेवढी मिश्री भाज,” म्हणत आईनं डबी पुढं सरकवली. चौथीत असल्यापासून ती डबी वर्षाराणीच भरत आली होती.